मतपरीक्षा : पंडित नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचे चरित्र

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला परधर्माचा परिचय ग्रंथांतून करून घ्यावा लागत नाही. परधर्म त्याच्या शेजारीच नांदत असतो. जबलपूरच्या रिछाईसारख्या औद्योगिक वसाहतीत तर हा अनुभव नित्याचा आहे. एकाच कारखान्यात एकादशी पाळणारा, रोजा ठेवणारा, रविवारी चर्चला जाणारा आणि यांपैकी काहीच न मानणारा असे सर्वजण एकत्र काम करतात. दुपारच्या सुट्टीत डबे उघडले की एकमेकांच्या श्रद्धांविषयी प्रश्न निघतातच. त्यांतील काही कुतूहलाचे असतात, काही थट्टेचे, तर काहींना प्रश्नाचे रूप असले तरी त्यांचे उत्तर विचारणाऱ्याने आधीच ठरविलेले असते. आपल्या घरातील मुले शाळेतून हेच प्रश्न घेऊन येतात, आणि त्यांना काय सांगावे असा पेच वडीलधाऱ्यांना पडतो.

मनुष्य दुसऱ्याच्या धर्मश्रद्धेला प्रश्न का विचारतो, याचा विचार केवळ तत्त्वाच्या पातळीवर केल्यास तो कोरडा होतो. म्हणून मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने अशा एका पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहे, की ज्याचे सारे आयुष्य हे प्रश्न विचारण्यात आणि सोसण्यात गेले. पंडित नीलकंठशास्त्री गोऱ्हे हे त्यांचे नाव. एके काळी काशीपासून कलकत्ता-पुण्यापर्यंत आणि इंग्लंडातही ते परिचित होते. आज पंडिता रमाबाईंच्या चरित्रात त्यांचा ओझरता उल्लेख येतो, तेवढीच त्यांची ओळख उरली आहे. आपल्याला ते जवळचे वाटावेत याला आणखी एक कारण आहे. ते आपल्यासारखेच देशापासून दूर, हिंदी मुलुखात जन्मलेले व वाढलेले मराठी गृहस्थ होते.

छत्रसाल महाराजांनी बाजीरावास बुंदेलखंडाचा वाटा दिला, तेव्हापासून कोकण व देशावरील अनेक ब्राह्मण घराणी सागर, झाशी, बांदा या बाजूस येऊन स्थायिक झाली. बांद्याचे नबाब हे बाजीराव-मस्तानीच्या वंशातले; त्यांच्या पदरीही मराठी कारभारी असत. गोऱ्हे यांचे चित्पावन घराणे त्यांपैकीच होय. ८ फेब्रुवारी १८२५ रोजी झाशीच्या पूर्वेस असलेल्या काशीपुरा या खेड्यात, आजोळी, नीलकंठाचा जन्म झाला. बालपण व शिक्षण मात्र काशीत झाले. काशीतील दाक्षिणात्य ब्राह्मणांची वस्ती त्या काळी विद्येसाठी विख्यात होती. तेथे नीलकंठाने व्याकरण आणि न्यायशास्त्र यांचा कसून अभ्यास केला. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला पूर्वपक्ष मांडून त्याचे खंडन करण्याची सवयच जडते. नीलकंठाने ही सवय प्रथम स्वतःच्या घरातील उपासनेलाच लावली. घराणे शैव होते; परंतु ग्रंथ वाचून, विचार करून या तरुणाने विष्णुभक्ती स्वीकारली. पुढील आयुष्याचे बीज येथेच दिसते. परंपरेने मिळालेली गोष्ट तपासून पाहिल्याविना ठेवायची नाही, आणि तपासणीचा निष्कर्ष निघाला की तो पाळल्याविना राहायचे नाही, असा हा स्वभाव होता.

नीलकंठ तरुण झाला तो काळ धर्मविषयक वादांनी ढवळून निघालेला होता. मुंबईत १८३९ साली दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती दीक्षा घेतल्यावर केवढी खळबळ माजली! १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या मुलाला पुन्हा ज्ञातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला आणि त्यांना स्वकीयांचाच रोष पत्करावा लागला. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालीत होते आणि ते ऐकायला मोठी गर्दी लोटत होती. म्हणजे परधर्माला प्रश्न विचारणे हा त्या काळचा एक सार्वजनिक व्यवहारच होऊन बसला होता. त्यात ज्ञानाची ओढ होती, तशीच राज्य गेल्याची सलही होती. राज्यकर्त्यांच्या धर्माचा उपदेशक भर बाजारात उभा राहून आपल्या दैवतांची चिकित्सा करतो, ही गोष्ट ऐकणाऱ्याच्या मनाला केवळ तत्त्वचर्चा म्हणून लागणे शक्यच नव्हते.

या वादांतील एक प्रसिद्ध ग्रंथ संस्कृतात लिहिला गेला आणि तो लिहिणारा एक स्कॉटिश अधिकारी होता. कंपनी सरकारचे सनदी नोकर जॉन म्यूर यांनी १८३९ साली ‘मतपरीक्षा’ नावाचे पद्यमय पुस्तक प्रसिद्ध केले. गुरू व शिष्य यांच्या संवादाच्या रूपाने त्यांत निरनिराळ्या धर्मांची परीक्षा केलेली होती. खऱ्या धर्माची काही लक्षणे आधी ठरवावयाची आणि कोणता धर्म त्या कसोटीस उतरतो ते पाहावयाचे, अशी त्याची मांडणी आहे. परीक्षेचा निकाल अर्थात ख्रिस्ती धर्माच्या बाजूने लागतो. कसोटी कोणी ठरवायची, हा मुद्दा म्यूरसाहेबांच्या मनाला त्या वेळी शिवला नव्हता.

पंडितांनी या पुस्तकाला संस्कृतातच उत्तरे दिली. त्यांतील एक उत्तर सोमनाथ या नावाने प्रसिद्ध झाले. हा सोमनाथ म्हणजे भोपाळजवळच्या सिहोर येथील मराठी पंडित सुबाजी बापू असावेत, असे संशोधकांनी मानले आहे. दुसरे उत्तर बंगालमधील हरचंद्र तर्कपंचानन यांचे. तिसरे आणि सर्वांत विस्तृत उत्तर १८४४-४५ च्या सुमारास काशीत लिहिले गेले. ते ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ या नावाचे असून त्याचा कर्ता जेमतेम वीस वर्षांचा नीलकंठ गोऱ्हे होता. हा ग्रंथ पुढे १९५१ साली उज्जैनच्या सिंदिया प्राच्य संस्थेने स. ल. कात्रे यांच्या संपादनाखाली प्रकाशित केला. बुंदेलखंडात जन्मलेल्या एका मराठी पंडिताचे हस्तलिखित शंभर वर्षांनी माळव्यातील एका मराठी विद्वानाच्या हातून उजेडात यावे, हा योगायोग आपल्याला सुखावणारा आहे.

नीलकंठशास्त्र्यांचा युक्तिवाद आजही विचार करण्याजोगा आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की धर्मात श्रद्धा प्रथम येते आणि तर्क तिच्यामागून चालतो. ज्याच्या मनात मुळातच अश्रद्धा आहे तो बाहेरून उभा राहून परीक्षा करू लागला तर त्याला दोषच दिसणार. केवळ तर्काचीच तराजू वापरावयाची असेल तर ती दोन्ही पारड्यांना सारखीच लागू झाली पाहिजे. मग मुक्या जनावरांनी कोणते पाप केले म्हणून ती दुःख भोगतात, याचे उत्तर एकाच जन्मावर विश्वास ठेवणाऱ्याने द्यावे. एक जन्मांध आणि दुसरा सुखवस्तू घरात का जन्मतो, तेही सांगावे. मर्यादित आयुष्यातील मर्यादित पापाला अमर्याद काळाची शिक्षा देणारा ईश्वर न्यायी कसा, याचाही उलगडा करावा. तरुण शास्त्र्याचा हा प्रतिहल्ला नेमका मर्मावर होता.

येथपर्यंत प्रश्न विचारण्याचे दोन प्रकार आपण पाहिले. म्यूर यांचा प्रश्न जिंकण्यासाठी होता. नीलकंठशास्त्र्यांचा प्रश्न राखण्यासाठी होता; घरावर कोणी चालून आले असता हाती लागेल ते शस्त्र उचलावे तसा तो उचललेला होता. दोघेही विद्वान होते, दोघेही प्रामाणिक होते; पण दोघांनाही उत्तराची गरज वाटत नव्हती, कारण ते आधीपासून हाताशी होतेच. बहुतेक धर्मवाद या ठिकाणीच थांबतात आणि दोन्ही पक्ष आपापल्या घरी जाऊन विजय साजरा करतात.

नीलकंठशास्त्री थांबले नाहीत, हेच त्यांचे वेगळेपण. १८४४ च्या सुमारास काशीत विल्यम स्मिथ नावाचे एक मिशनरी बाजारात उपदेश करीत असत. त्यांना निरुत्तर करावे या हेतूने शास्त्रीबुवा त्यांच्या बंगल्यावर जाऊ लागले. स्मिथ म्यूर यांच्याइतके मोठे संस्कृतज्ञ नव्हते. त्यांच्यापाशी चिकाटी होती आणि ऐकून घेण्याची तयारी होती. शास्त्र्यांनी प्रश्न विचारावेत, स्मिथ यांनी उत्तरे द्यावीत, काही पुस्तके वाचावयास द्यावीत, असा क्रम काही वर्षे चालला. मध्येच शास्त्री जाणे बंद करीत, पुन्हा जात, पुन्हा माघार घेत. प्रतिपक्षाचे खंडन करावयाचे म्हणून त्यांनी नवा करार वाचावयास घेतला आणि वाचता वाचता पूर्वपक्षच मनात घर करू लागला. एवढेच असते तर ते मतपरिवर्तनाचे नेहमीचे उदाहरण ठरले असते. येथे महत्त्वाचे हे, की परधर्माला लावलेली कसोटी ते रात्री घरी आल्यावर स्वतःच्या धर्मालाही लावून पाहत होते. श्रद्धेने तर्काला आवर घालावा असे ज्यांनी ग्रंथात लिहिले, त्यांचाच तर्क त्यांच्या श्रद्धेला स्वस्थ बसू देईना.

१४ मार्च १८४८ रोजी काशीबाहेर जौनपूर येथे नीलकंठशास्त्र्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि नहेम्या हे नाव धारण केले. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते.

काशीतील दाक्षिणात्य समाजावर हा केवढा आघात झाला असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. आता प्रश्न विचारण्याची पाळी नातलगांची होती. अशा वेळी घरातून जे प्रश्न येतात, त्यांचा रोख धर्मग्रंथांवर नसतो. ज्या ताटात जेवलास त्या ताटाचे काय, श्राद्ध कोण करील, बायकोने कोणाकडे पाहावे, हे त्या प्रश्नांचे खरे स्वरूप असते. वरकरणी ते धर्माविषयी असतात. मुळात ते वियोगाच्या भयातून जन्मलेले असतात. त्या काळच्या ज्ञातिनिर्बंधांत धर्मांतर म्हणजे पंक्तिभेद, आणि पंक्तिभेद म्हणजे जिवंतपणीचा मृत्यू. आपल्या माणसाच्या बदललेल्या श्रद्धेला आपण इतक्या कडवटपणे प्रश्न का विचारतो, याचे उत्तर येथे मिळते. तो ईश्वराला मुकला, याचे दुःख त्यात थोडे असते. आपण त्याला मुकलो, हे दुःख फार मोठे असते. असा प्रश्न विचारणाऱ्याला तर्काने उत्तर देऊन उपयोग होत नाही. शास्त्रीबुवांना सर्व प्रश्नांची उत्तरे देता आली, याचे एकाला मात्र देता आले नाही.

त्यांच्या संसाराची कहाणी करुण आहे. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या. सप्टेंबर १८५३ मध्ये काशीत त्यांना कन्या झाली आणि त्यानंतर लवकरच लक्ष्मीबाईंचा अंत झाला. तान्ह्या मुलीला सांभाळणारे घर उरले नव्हते. एका पंगतीतून उठलेल्या माणसाला दुसरी पंगत इतक्या लवकर मिळत नाही. मुलगी एका निळीच्या मळेवाल्या युरोपियन दांपत्याने वाढविण्यास घेतली. १८५७ च्या धामधुमीत त्या कुटुंबाची मालमत्ता गेल्यावर ती स्टॉर्स नावाच्या एका मिशनरी कुटुंबात गेली व त्यांच्याबरोबर इंग्लंडला पोहोचली. एलन लक्ष्मी गोऱ्हे या नावाने ती मोठी झाली, इंग्रजीत भक्तिगीते लिहून तिने नाव मिळविले, आणि १८८० साली सेवाकार्यासाठी स्वदेशी परतली. १९३७ मध्ये तिचे निधन झाले. चित्पावन घरातील या मुलीचे शब्द सातासमुद्रापलीकडच्या प्रार्थनामंदिरांतून गायिले गेले. परंतु ज्या भाषेत तिच्या आईने तिला हाक मारली असेल ती भाषा तिच्या काव्याची झाली नाही. परमुलुखात मुले वाढविणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मनाला ही गोष्ट चटका लावून जाते.

धर्मांतरामागे काही तरी लोभ असला पाहिजे, असा संशय घेण्याची आपली जुनी सवय आहे, आणि सत्ता व मिशन यांची जवळीक पाहता त्या काळी तो संशय सर्वस्वी निराधार होता असेही म्हणता येत नाही. परंतु नीलकंठशास्त्र्यांच्या बाबतीत तो टिकत नाही. त्यांनी अखेरपर्यंत अत्यंत साधे, जवळजवळ संन्याशाचे जीवन घालविले. पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग यांच्याबरोबर १८५४ साली त्यांना इंग्लंडला जाण्याची संधी मिळाली. एखादा लोभी मनुष्य त्या वैभवाने भारावून गेला असता. मॅक्समुल्लर यांनी त्यांच्या भेटीची हकीकत लिहून ठेवली आहे, तिच्यावरून दिसते ते वेगळेच. लंडनमधील जीवन पाहून हा ब्राह्मण ख्रिस्ती खिन्न झाला होता. ज्या शिकवणुकीसाठी आपण घरदार सोडले ती शिकवणूक तिच्या माहेरघरीच कोणी आचरीत नाही, असे त्यांना दिसले, आणि परत हिंदुस्थानात जावे असे वाटू लागले. काशीत असताना जो प्रश्न ते मिशनऱ्यांना विचारीत होते तोच आता ते ख्रिस्ती समाजाला विचारीत होते. धर्म बदलला तरी प्रश्न विचारणारा मनुष्य तोच राहिला.

स्वदेशी परतल्यावर त्यांनी १८६० साली ‘षड्दर्शनदर्पण’ हा ग्रंथ हिंदीत लिहिला. न्याय, सांख्य, वेदान्त इत्यादी सहा दर्शनांचे हे खंडन आहे. हे खंडन घरातल्या माणसाचे आहे. प्रत्येक दर्शनाची परिभाषा त्याला मुखोद्गत आहे. १८६२ मध्ये या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर झाले, ते फिट्झएडवर्ड हॉल यांनी केले. हे अमेरिकन संस्कृतज्ञ काही काळ सागर व नर्मदा प्रदेशाच्या शिक्षण खात्याचे निरीक्षक होते. म्हणजे ज्या प्रदेशात जबलपूर मोडत होते त्याच प्रदेशाचे. १८५७ मध्ये ते सागरच्या किल्ल्यात अनेक महिने अडकून पडले होते. आपल्या या नर्मदाकाठच्या मुलुखाचा त्या मोठ्या वादाशी असा एक धागा जुळतो.

या ग्रंथात नीलकंठशास्त्री दर्शनांच्या बाबतीत कठोर आहेत आणि काही ठिकाणी अन्यायकारकही वाटतात. नव्याने स्वीकारलेल्या मताचा अभिनिवेश जुन्या मताला सहसा पूर्ण न्याय देऊ शकत नाही. ज्या घरातून आपण बाहेर पडलो, त्या घरावर मनुष्य अधिक आघात करतो. कारण बाहेर पडणे योग्यच होते, हे त्याला रोज स्वतःला पटवून द्यावे लागते. दुसऱ्याच्या श्रद्धेला विचारलेल्या कित्येक प्रश्नांमागे हेही एक कारण असते. आपली स्वतःची शंका शमविण्यासाठी आपण दुसऱ्याला प्रश्न करतो.

आणि शंकेने त्यांची पाठ कधी सोडली नाही. शाश्वत नरकाचा जो प्रश्न त्यांनी तरुणपणी ख्रिस्ती पक्षाला घातला होता, तोच ख्रिस्ती झाल्यावरही त्यांच्या मनाला सलत राहिला. १८७० च्या सुमारास त्यांना पुरोहितपदाची दीक्षा मिळाली; मध्य प्रांतातील चांदा येथेही त्यांनी काही काळ काम केले. पुढे ते इंग्लंडातील काउली येथील संन्यस्त संघात नवशिष्य म्हणून दाखल झाले. परंतु अखेरची व्रते घेण्यापर्यंत ते पोहोचले नाहीत. इतरांना निःशंक करण्यात ज्याचे आयुष्य गेले, तो स्वतः मात्र पूर्णपणे निःशंक झाला नाही. याला कोणी दुर्बलता म्हणेल. मला त्यात त्यांची सचोटी दिसते.

कलकत्त्याच्या ब्राह्म समाजाशी आणि मुंबई-पुण्याच्या प्रार्थना समाजाशी त्यांचा दीर्घ वाद झाला. त्यांचा मुख्य आक्षेप असा, की तुम्ही ईश्वराविषयी ज्या उदात्त कल्पना सांगता त्या तुम्हाला केवळ बुद्धीने सुचलेल्या नाहीत. त्या तुम्ही ख्रिस्ती शिकवणुकीतून घेतल्या आहेत, मग मूळ स्रोत का नाकारता? समाजाच्या मंडळींनी अर्थातच उपनिषदांकडे व संतांकडे बोट दाखविले. तो वाद मिटला नाही. पण त्यातून प्रार्थना समाजासारख्या संस्थेला आपले अधिष्ठान कोणते, हे स्वतःशी तपासून पाहावे लागले. नीट विचारलेल्या प्रश्नाचा लाभ असा विरुद्ध पक्षालाही होतो.

पंडिता रमाबाईंच्या जीवनात त्यांचा प्रवेश १८८२ नंतरचा. रमाबाई स्वतः शास्त्रपंडिता. त्यांना भावनेच्या आवाहनाने जिंकता येणे शक्य नव्हते. त्या इंग्लंडला गेल्यावर नीलकंठशास्त्र्यांनी त्यांना मराठीत एक विस्तृत पत्र लिहिले. ते पुढे पुस्तकरूपाने छापले गेले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी वाँटेज येथे दीक्षा घेतली आणि आपल्या निर्णयात नीलकंठशास्त्र्यांच्या युक्तिवादाचा वाटा मोठा होता, हे त्यांनी पुढे मान्य केले. मात्र दीक्षेनंतर रमाबाईंनी चर्चच्या अधिकाऱ्यांनाही तितक्याच निर्भयपणे प्रश्न विचारले आणि धर्माच्या बाबतीत कोणाही मध्यस्थाची सत्ता मानण्याचे नाकारले. गुरूची खरी देणगी शिष्येने अशा रीतीने जपली.

पुण्याच्या ज्या पंचहौद मिशनच्या परिसरात नीलकंठशास्त्र्यांच्या संघाचे कार्य चाले, तेथेच ऑक्टोबर १८९० मध्ये एक सुप्रसिद्ध प्रसंग घडला. व्याख्यानासाठी जमलेल्या पुण्यातील प्रतिष्ठितांना चहा-बिस्किटे देण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध करविली आणि ग्रामण्य सुरू झाले. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे या दोघांचीही त्यांत नावे होती. पुढे दोघांनाही प्रायश्चित्ताचा मार्ग पत्करावा लागला. त्या चौकशीत ईश्वर, आत्मा, पापपुण्य यांविषयी कोणी कोणाला काही विचारले नाही. कोण चहा प्याला आणि कोण नाही, एवढ्यावरच सारे घोडे अडले होते. शास्त्रार्थाच्या परंपरेत वाढलेल्या समाजाचे प्रश्न किती लहान होऊ शकतात, याचे हे उदाहरण होय.

जॉन म्यूर यांचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. १८४४ मध्ये ते काही काळ काशीच्या संस्कृत महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी मूळ संस्कृत ग्रंथांतील उताऱ्यांचे अनेक खंड संपादित केले आणि एडिंबरो विद्यापीठात संस्कृतचे अध्यासन स्थापन करण्यास साहाय्य केले. वयाबरोबर त्यांची दृष्टी निवळत गेली. महाभारतादी ग्रंथांतील नीतिपर वचने इंग्रजी पद्यात उतरवून, इतर देशांतील वचनांशी त्यांचे साम्य दाखविण्यात त्यांना आनंद वाटू लागला. १८८२ साली ते निवर्तले. दोघांचे आयुष्य शेजारी ठेवले तर एक विलक्षण चित्र दिसते. ज्याने हिंदू धर्माची परीक्षा घेण्यासाठी लेखणी उचलली, तो त्या वाङ्मयाचा रसिक झाला. ज्याने त्या धर्माच्या रक्षणासाठी लेखणी उचलली, तो त्याचा टीकाकार झाला. खोलात जाऊन विचारलेला प्रश्न विचारणाऱ्यालाही पूर्वीच्या जागी राहू देत नाही.

उतारवयात नीलकंठशास्त्र्यांच्या लेखनात एक निराळा सूर उमटला. हिंदूंच्या धर्मग्रंथांविषयीचे त्यांचे मूळ आक्षेप कायम होते, ते त्यांनी लपविले नाहीत. तथापि गीता-भागवतादी ग्रंथांनी हिंदूंच्या मनात अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता, क्षमा हे भाव रुजविले आणि या संस्कारांमुळेच ख्रिस्ताची शिकवण समजण्याची पात्रता आपल्या लोकांत आली, असे ते सांगू लागले. काशीतील बालपणीची विष्णुभक्ती त्यांच्या अंतःकरणात कोठे तरी जपली गेली होती, असेच यावरून वाटते.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारी महिन्यात, त्याच मुंबईत, नारायण वामन टिळक या मराठी कवीने ख्रिस्ती दीक्षा घेतली होती. ख्रिस्तभक्तीला अभंगाचे रूप देण्याचे कार्य पुढे टिळकांच्या हातून झाले. नीलकंठशास्त्र्यांनी वादाने जे साधण्याचा प्रयत्न केला, ते टिळकांनी गीताने केले. आणि मराठी समाजाने टिळकांच्या श्रद्धेला नाना प्रश्न विचारले, तरी त्यांची कविता मात्र आपली मानली.

नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचा निर्णय योग्य की अयोग्य, याचा निवाडा करण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. वाचकांपैकी बहुतेकांना तो पटणार नाही, आणि तो पटावा अशी अपेक्षाही नाही. त्यांच्या चरित्रातून घ्यावयाचा धडा निराळा आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेला मनुष्य कधी जिंकण्यासाठी प्रश्न विचारतो, कधी स्वतःच्या रक्षणासाठी, कधी आपले माणूस दुरावेल या भीतीने, तर कधी स्वतःचीच शंका दडपण्यासाठी. हे सारे हेतू मानवी आहेत आणि त्यांबद्दल कोणी फार लाज बाळगण्याचे कारण नाही. मात्र विचारण्याचा अधिकार त्यालाच पोहोचतो, जो तीच कसोटी आपल्या देव्हाऱ्यालाही लावावयास सिद्ध आहे आणि उत्तर संपेपर्यंत ऐकून घेण्याइतका धीर ज्याच्यापाशी आहे. नीलकंठशास्त्र्यांनी हा अधिकार फार मोठी किंमत देऊन मिळविला होता.

रिछाईतील आपल्या मुलांना शेजारच्या घरातील रोजा, क्रॉस किंवा ग्रंथसाहेब यांविषयी प्रश्न पडतील. ते त्यांनी अवश्य विचारावेत. शेजाऱ्यांची मुले आपल्या गणपतीविषयी व वारीविषयी विचारतील. त्यांना टाळू नये. त्यासाठी आपल्या घरात आपल्या श्रद्धेविषयी मोकळेपणाने बोलले जाणे मात्र अगत्याचे आहे. ज्या घरात मुलाला स्वतःच्या धर्माबद्दल प्रश्न करण्याची मुभा असते, ते मूल दुसऱ्याच्या धर्माला विचारताना सहसा उद्धट होत नाही. गेली पन्नास वर्षे या मंडळाने परमुलुखात आपली भाषा आणि आपले सण सांभाळले. भाषेबरोबर शास्त्रार्थाची ही सभ्य परंपराही पुढील पिढीच्या हाती द्यावी, एवढीच या प्रसंगी विनंती आहे.